आधी पार्सल निघायची वाट

नमस्कार श्रोतेहो. रोहिणी तापते आहे, थोड्याच दिवसांत मृग लागेल. बी-भरणाच्या घाईतही, घरची हळद, तिखट, शेवया ऑनलाइन विकणाऱ्या किंवा विकू पाहणाऱ्या ताई-दादांनी आज चार मिनिटं माझ्यासाठी काढावीत.

मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली. आमच्याकडच्या वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळद निघते वर्षातून एकदा आणि ऑर्डरी येतात बारा महिने, त्यामुळे माल सांभाळणं हाच अर्धा धंदा. आम्ही त्यासाठी कापूस ठेवायची खोली रिकामी केली. भिंती झाडल्या, तरी कापसाचे तंतू महिनाभर उडत होते. खोक्याला टेप लावायला गेलं की तंतू आधी चिकटायचे आणि टेप सुटून यायची. शेवटी भिंती ओल्या फडक्यानं पुसून चुना दिला, तेव्हा ते थांबलं.

खरी चूक मात्र पुढची. गोदाम म्हटलं की वखार महामंडळाच्या गोदामातल्या पोत्यांच्या थप्प्या डोळ्यापुढे येतात. आम्हीही तसंच केलं. भिंतीपासून दारापर्यंत पाकिटं रचत आलो. नवीन दळण आलं की ते पुढे, आणि दिवाळीच्या गर्दीत हाताला लागेल ते पाकीट खोक्यात. जुना माल मागेच राहिला. संक्रांतीला तळाची पाकिटं काढली, तर प्लास्टिकला टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि आत बारीक तपकिरी किडे. बावीस किलो हळद उकिरड्यावर टाकली. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

तेव्हापासून आम्ही माल लावण्याआधी तो निघणार कसा, ते ठरवतो. अँगलच्या रॅक भिंतीपासून ओढून माणूस जाईल एवढी वाट सोडली. माल मागच्या बाजूनं भरायचा आणि समोरून काढायचा, म्हणजे आधी आलेलं आपोआप आधी जातं. प्रत्येक कप्प्याला नंबर. हळदीला पिवळा कागद, तिखटाला लाल. सासूबाईंना वाचता येत नाही, पण आता ऑर्डर सांगितली की पाकीट त्या माझ्याआधी काढून देतात.

हळकुंड वर्षभर टिकतं, पुडीचा रंग आणि वास उतरत जातो. म्हणून हळकुंडं पोत्यात ठेवा आणि दळण पंधरा दिवस पुरेल इतकंच करा. तिखट उजेडात ठेवू नका, लाली जाते. पाकिटावर बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख हवीच, शिवाय अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी नंबर. बाहेरून आणलेली दुसरी हळद विकत असाल, तर तिची रॅकच वेगळी करा. वायगावच्या नावानं तिचं एक जरी पाकीट गेलं, तरी ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. परत आलेलं पार्सलही उघडून तपासल्याशिवाय रॅकवर चढवू नका.

खोक्यांबद्दल नीट ऐका, इथं पैसा गळतो. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणतात आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागतात. अर्धा किलो शेवया ४० बाय ३० बाय २० च्या खोक्यात घातल्या, तर हिशेब होतो ४.८ किलोचा. शेवया हलक्या, पण भाडं हवेचं भरावं लागतं. तीन मापांचे खोके ठेवा, आणि कोणत्या मालाला कोणता खोका, ते पॅकिंगच्या टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवा. टेबल दाराजवळच हवं. पोस्टाची थैली किती वाजता बंद होते, ते विचारून घ्या आणि त्याच्या तासभर आधी पॅकिंग संपवा.

आता पावसाआधीचं काम. पोती फरशीवर टेकवू नका, खाली विटा आणि फळ्या घाला, भिंतीपासून हातभर अंतर ठेवा. तुमची जमीन ओल धरते का, हे आजच बघता येईल. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद घ्या, गोदामाच्या जमिनीवर पसरा आणि चारही कडा टेपनं चिकटवा. एक दिवस, एक रात्र तसाच राहू द्या. सकाळी उचलल्यावर खालच्या बाजूला दवासारखे थेंब दिसले किंवा जमीन काळसर झालेली असली, तर त्या खोलीत हळद ठेवू नका. नमस्कार.