अडकलाय की चाललाय?

(पडद्यावर काळं टर्मिनल. कर्सर लुकलुकतोय, बाकी हालचाल नाही.)

निवेदन: एरवी हा प्रोग्राम दोन मिनिटांत संपतो. आज व्हॅलग्रिंडखाली लावलाय, म्हणजे मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाच्या ताब्यात दिलाय. अर्धा तास झाला, एक ओळ उमटलेली नाही. प्रोग्राम मधेच तोडायला बोट कंट्रोल-सीवर गेलंच आहे.

जरा थांबा.

२००२ पासून वापरात असलेलं व्हॅलग्रिंड प्रोग्रामला थेट प्रोसेसरवर सोडतच नाही. त्यातल्या सूचना उलगडायच्या, मधे आपली तपासणी घुसवायची, मग चालवायच्या. वर मेमरीतल्या बिटागणिक एक सावली-बिट: इथे कुणी खरंच काही लिहिलंय, की जुना कचरा आहे? या हिशेबापायी वीस-तीस पट संथपणा नेहमीचाच. म्हणजे दोन मिनिटांचा तास होऊ शकतो. त्यात बिघाड काहीच नाही.

(दुसरी खिडकी. कुठला प्रोग्राम किती सीपीयू खातोय ते दाखवणारा 'टॉप'चा तक्ता.)

आधी सीपीयू बघा. शून्याच्या आसपास असेल, तर प्रोग्राम कशाची तरी वाट बघतोय: लॉक, सॉकेट, कधी कधी चक्क कीबोर्ड. शंभर टक्के असेल, तर खरी डोकेदुखी इथून सुरू.

दुसऱ्या टर्मिनलवरून व्हीजीडीबीला, म्हणजे चालू व्हॅलग्रिंडशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, 'व्ही डॉट इन्फो शेड्युलर' हा हुकूम द्या. प्रत्येक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा स्वतंत्र धागा, कुठल्या फंक्शनात आहे, ते समोर येतं. मिनिटभराने पुन्हा विचारा. ठिकाणं बदलली, तर चहा घेऊन या. तीच राहिली, तर कोड उघडा.

(कोड जवळून. एकच ओळ: 'रेडी' खरं होईपर्यंत फिरत राहा. लूपच्या पोटात काहीच नाही.)

हा आपला आरोपी. एरवी एक थ्रेड इथे गरगरतो, तेवढ्यात दुसऱ्या कोअरवरचा थ्रेड 'रेडी' खरं करतो, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. व्हॅलग्रिंडखाली मात्र एका वेळी एकच थ्रेड चालतो. चाळीत नळ एकच असावा, तसं. एका पाळीत कोडचे एक लाख तुकडे, मग नळ सोडायचा. पण रांगेला शिस्त नाही. ज्याने सोडला तोच जवळ उभा, त्याचीच कळशी पुन्हा खाली. ज्याच्या हातात 'रेडी' आहे, तो मागे ताटकळतो. एका अर्थी आपणच लिहिलेली उपासमार.

व्हॅलग्रिंड सुरू करताना 'फेअर-शेड इज इक्वल टू येस' हा पर्याय दिला की रांग लागते. ही सोय मुळात बंद असते. तरीही गरगरणारा दर पाळीला लाखभर तुकडे फुकट घालवतोच. त्यापेक्षा तो लूपच काढा, कंडिशन व्हेरिएबल लावा आणि कुणी उठवेपर्यंत थ्रेडला झोपू द्या. असले लूप 'माझ्या मशीनवर चालतं' या एकाच आधारावर वर्षानुवर्षं टिकतात.

(पुन्हा पहिलं टर्मिनल.)

चाळीस मिनिटं. कर्सर खाली सरकतो. एरर समरी, म्हणजे व्हॅलग्रिंडचा चुकांचा शेवटचा गोषवारा.