उद्या ये, नाळे बा, रेपु रा

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे सांगायला नको. रात्रभर यंत्रमागाची खटखट चालू असते तेव्हा आपण गाढ झोपलेलो असतो. मग वीज जाते, माग थांबतात आणि अख्खी गल्ली जागी होते. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांचं नेमकं उलटं. खटखटीनं रात्रभर डोळा लागत नाही आणि वीज गेल्यावर ते घोरायला लागतात.

मी डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हाला काम मिळालं होतं ते असं: एखादी शहरी दंतकथा निवडा, तिचं पोस्टर काढा आणि मग तेच पोस्टर हलतं करा. इंग्रजीत याला ‘अर्बन लेजंड’ म्हणतात. यान हॅरल्ड ब्रुनव्हाँड या अमेरिकन लोकसाहित्याच्या अभ्यासकानं १९८१ साली पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हा शब्द सगळीकडे पोचला. अशा गोष्टीची खूण एकच. सांगणाऱ्यानं ती स्वतः कधी पाहिलेली नसते, ती नेहमी मैत्रिणीच्या आत्याच्या जावेच्या बाबतीत घडलेली असते. आणि ती पसरायला मोबाइल लागतो असंही नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय ही बातमी दिवसभरात देशभर फिरली. तेव्हा मोबाइल होता किती जणांकडे?

माझी गोष्ट त्याच दशकातली. नव्वदीत कर्नाटकात एक अफवा उठली होती. रात्री एक बाई येते, दार वाजवते आणि घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते. दार उघडलं की माणूस संपला. उपाय एकच, दारावर लिहायचं: ‘नाळे बा’. कानडीत ‘उद्या ये’. ती वाचते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा तेच वाचते. तेलंगण आणि आंध्रात लोक हेच तेलुगूत लिहायचे, ‘रेपु रा’. मला यात भुतापेक्षा त्या बाईचा प्रामाणिकपणा जास्त आवडतो. लिहिलेल्या शब्दाला इतका मान हल्ली कोण देतं?

आता सोलापूर डोळ्यांपुढे आणा. एका भिंतीपलीकडे तेलुगू, समोरच्या दारात कानडी, घरात मराठी. आमच्या आजीचं म्हणणं, गोष्ट विजापूरच्या एसटीनं आली. मी विचारलं, “मग आपण काय लिहिलं होतं?” ती म्हणाली, “आपण कशाला लिहितोय? आपलं साधं. तीन हाका होईस्तोवर ओ द्यायची नाही. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नसतंय.”

मी पहिलं रेखाटन केलं ते सांगायचीसुद्धा लाज वाटते. मोकळे केस, पांढरं पातळ, उलटे पाय, मागं चंद्र. शिवाय एक वटवाघूळ. कच्ची रेखाटनं आम्ही काड्यापेटीएवढी काढतो, म्हणजे एका दुपारी वीसेक होतात. माझ्या विसांतल्या अठरांमध्ये ही बाईच होती. आजीनं चष्मा लावून कागद बघितला आणि म्हणाली, “आगं, असल्या बाईला दार कोण उघडंल?”

त्या एका वाक्यानं माझे पंधरा दिवस वाया गेले, आणि बरं झालं. खरंच की. ती भयंकर दिसत असती तर गोष्टच झाली नसती. दार उघडतं ते आवाज ओळखीचा असतो म्हणून. आता आवाज कागदावर काढायचा कसा? मग मी बाई पुसली आणि दाराच्या आत आले. एक खोली. मधोमध लाकडी दार, आतून कडी लावलेली. एका बाजूला खाटेवर एक मुलगी, सोलापुरी चादर नाकापर्यंत ओढलेली, फक्त डोळे दिसतात. डोक्याशी पाण्याचं भांडं. बास.

पण एक घोळ झाला. आपण आत आहोत, मग ‘उद्या ये’ दिसणार कसं? ते तर बाहेरून लिहिलेलं. शेवटी मी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढली, जणू खडू लाकडातून झिरपून आत आलाय. तीन भाषा, तिन्ही उलट्या. सर म्हणाले, “हे वाचणार कोण?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अक्षरांनी तर फारच छळलं. संगणकावर टाइप केलं तर ‘उद्या’मधला द्य फुटला. द आणि य वेगळे आणि द खाली हलन्त लोंबतोय. भारतीय लिप्यांची जोडाक्षरं जुळवायची वेगळी सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये असते, ती मी चालू केलेली नव्हती. ती केल्यावर अक्षरं जुळली, पण फारच गुळगुळीत. घाबरलेला माणूस असं लिहितो का? कानडी आणि तेलुगू लिपी एकाच जुन्या लिपीतून निघाल्या आहेत, दोन्ही गोल गोल, पण तेलुगू अक्षरांच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी एक छोटी रेघ असते. ती मी इतकी कोरून काढली की शेजारच्या काकू हसल्याच. म्हणाल्या, खडूनं लिहिताना ती नुसती झटक्यात मारायची असते. मग त्यांच्याकडूनच जुन्या पत्र्यावर खडूनं लिहून घेतलं. समोरच्या अण्णांनी कानडी लिहिलं, आजीनं मराठी. तिन्हींचे फोटो काढून संगणकात घेतले. आजीची शिरोरेघ शेवटी खाली उतरत गेली होती, ती मी तशीच ठेवली.

रंग चादरीनंच ठरवले. आपली जॅकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, चादर उलटी करून बघा, नक्षी तीच असते पण रंगांची अदलाबदल झालेली असते. इकडे मरून जमिनीवर पांढरा मोर, तिकडे पांढऱ्यावर मरून. मी पोस्टरला एवढेच दोन रंग ठेवले, अंधारासाठी मात्र मरून जवळजवळ काळा केला. इथं माझी फजिती झाली. पडद्याचा रंग म्हणजे प्रकाश, कागदाला मात्र खोलीतल्या उजेडावरच भागवावं लागतं. पडद्यावर झकास दिसणारा अंधार ए-थ्री कागदावर छापून आला तो नुसता चिखल. मुलगी दिसत होती, अक्षरं दिसत होती, बाकी दार कुठं संपतं आणि भिंत कुठं सुरू होते ते कळेना. सादरीकरण दुसऱ्या दिवशी होतं, पुन्हा छापायला पैसे नव्हते. तेच लावलं. कुणीतरी ‘गूढ’ म्हणालं. मी मान डोलावली.

मग ते हलतं करायचं. आठ सेकंदांचा तुकडा, संपला की पुन्हा पहिल्यापासून, आणि सांधा दिसता कामा नये. एका सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे फ्रेम. प्रत्येक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तरी आठ सेकंदांना शहाण्णव चित्रं लागतात. मी ठरवलं, फार काही हलवायचंच नाही. मागांमुळे घर सतत थोडं थरथरत असतं, ते फक्त पाण्यात दाखवायचं. भांड्यातल्या पाण्यावर बारीक वलयं. आणि चादरीवरचा एक मोर, एकच, मान वळवून दाराकडे बघतो.

तो मोर काही केल्या जमेना. मान इतकी लोण्यासारखी वळायची की तो चादरीवर छापल्यासारखा दिसायचा, विणल्यासारखा नाही. म्हणून मामाच्या कारखान्यात जाऊन बसले. जॅकार्डची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. कुठला उभा धागा वर उचलायचा आणि कुठला नाही, ते त्या भोकांवर ठरतं. त्यामुळे चादरीवरच्या मोराची मान जवळून बघितली तर गोल नसतेच, पायऱ्या पायऱ्यांची असते. मग मीही तिला पायऱ्यांनीच वळवली. प्रत्येक चित्र चार चौकटी थांबतं, दर वेळी एकच घर पुढे. पाच चित्रांत काम झालं आणि मोर एकदम चादरीचा झाला. त्याआधी मी चाळीस काढली होती.

याच सुमाराला अख्खं चित्र डावं-उजवं उलटं फिरवलं. आरशात बघितल्यासारखं उलटं करून चुका शोधायची आमच्यात सवयच असते, पण या वेळी उलटं चित्रच बरं वाटलं. आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे नजर आधी मुलीवर पडते आणि मग दाराकडे जाते. संगणकावर चित्राचे भाग एकावर एक थरांत ठेवतात, त्यांना लेअर म्हणतात. असे चाळीसेक लेअर होते, सगळे निवडले आणि फिरवले. त्यात अक्षरं सुलटी झाली.

आणि तेव्हा सरांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. पहिली पाच सेकंदं अक्षरं उलटी, मागांची खटखट, पाण्यावर वलयं. मग माग थांबतात. पाणी स्थिर होतं. चादरीचे रंग उलटे होतात आणि अक्षरं सुलटी. आता ती सरळ वाचता येतात, उद्या ये, नाळे बा, रेपु रा. म्हणजे बघणारा दाराबाहेर गेला. तीन सेकंदं शांतता, पुन्हा खटखट, पुन्हा आपण आत. हाक कुठंच नाही. आजीच्या आवाजात एक ध्वनिमुद्रण केलं होतं, पण त्या शांततेपुढे ते थिटं पडलं, म्हणून काढून टाकलं.

सगळं संपल्यावर मोबाइलवर आजीला दाखवलं. मोबाइलचा पडदा उजळ, त्यात चादर आणि दार दोन्ही लख्ख. तिनं तीन-चार वेळा बघितलं. मोराकडे लक्षच नाही. बोट दारावर ठेवून म्हणाली, “कडी बिजागरीच्या बाजूला कशी गं?”

मी मोठं करून बघितलं. चित्र फिरवलं तेव्हा कडीचा लेअर लॉक करून, म्हणजे चुकून हलू नये असा बंद करून ठेवलेला होता. सगळं दार फिरलं, बिजागऱ्या फिरल्या, कडी होती तिथंच राहिली. सरांना दिसली नाही, वर्गात कुणाला दिसली नाही, छापील अंधारात तर दिसणं शक्यच नव्हतं.

आजीनं मोबाइल माझ्या हातात दिला. “मग ती आत आलीच की,” म्हणाली आणि दिवा मालवायला उठली.

नमस्कार.