कोनाड्यातली कपबशी

[दृश्य: बाणकोटची खाडी, पहाट, ओहोटी]

ओहोटी लागली की बाणकोटच्या खाडीत काठाच्या होड्या चिखलात एका अंगावर कलंडतात. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे रत्नागिरी जिल्हा, पलीकडे रायगड, मधून वेसवी ते बागमांडला फेरीबोट. नदीच्या काठाकाठानं वर गेलं की दासगाव, आणि त्याच्याही वर महाड. तिथवर आपल्याला जायचंच आहे. आधी एका घरात जाऊ.

[दृश्य: घर, पडवी, खालचा कोनाडा]

जांभ्याचं, कौलारू घर. माझ्या आजोबांचं. खोती, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करायचा पिढीजात हक्क, १९४९च्या कायद्यानं गेली, तरी गावात अजून खोतांचं घर म्हणतात. पडवीच्या उजव्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर हा कोनाडा आहे. यात एक कपबशी असायची. घरातल्या कपाटात नाही, इथे. ही तीच. कान तुटलेला कप, चीर गेलेली बशी. आत्यानं ती फेकलेली नाही.

कामाला आलेल्या माणसानं कपबशी स्वतः काढायची, अंगणात विसळायची, पायरीवर ठेवायची आणि चार पावलं मागे सरायचं. मग घरातल्या बाईनं पडवीतून चहा ओतायचा. वरून, किटलीची तोटी कपाला लागू न देता. किती वरून, ते आत्यानं किटली धरून दाखवलं. नीट बघा. वीतभर, थोडं जास्तच. तिची धार कपात बरोबर पडली, बशीत एक थेंब नाही.

"सात वर्षांची होते तेव्हापासून जमतं," ती म्हणाली.

आत्यानं आता सत्तरी ओलांडली आहे. हे तिला कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. आईचा हात बघून तिचा हात तयार झाला. द्वेष हा शब्द त्या घरात कुणी उच्चारल्याचं तिला आठवत नाही. त्याला रीत म्हणत. अस्पृश्य मानलेल्यांच्या वाडीतल्या बाळंतिणीला माझी आजी तूप द्यायची, हे खरं आहे. ते तूप द्रोणात वरून सोडायची, हेही खरं आहे. आमच्या घराच्या चांगुलपणाच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या. त्यांत तूप असायचं. वरून सोडणं कधीच नसायचं. म्हणून हा चित्रपट करायला घेतला.

महिन्याचे तीन दिवस आत्याही याच पडवीत बसायची. तिलाही पाणी वरूनच. तिची सख्खी आई वाढायची.

"तेव्हा काही सुचलं नाही?" मी विचारलं.

"सुचलं की गो. वाटायचं, माझे तीनच दिवस."

[दृश्य: शाळेची जुनी इमारत, पऱ्या]

आत्याचा जन्म १९५०चा. त्याच वर्षी २६ जानेवारीला राज्यघटना अमलात आली आणि कलम १७नं अस्पृश्यता रद्द झाली. १९५५च्या कायद्यानं ती पाळणं गुन्हा ठरलं. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्यामागोमाग या वाडीनंही घेतली, आणि वाडीचं नाव बौद्धवाडी झालं. आमच्या घरात मात्र जुनंच नाव चालू राहिलं. १९७१ला आत्या पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, शाळेवर मास्तरीण म्हणून लागली. पटावर तिचा हात बौद्ध लिहायचा आणि घरी आल्यावर तोंडातून जुनं नाव यायचं. तोंडाला वळायला हातापेक्षा जास्त वर्षं लागली, असं ती सांगते.

हा फिरकीचा तांब्या. पितळेचा, झाकण फिरवून घट्ट बसणारा. प्रवासात सोवळ्याचं पाणी बरोबर न्यायला असायचा. शाळेच्या पहिल्या दिवशी वाडीतल्या एका बाईंनी घासूनपुसून लखलखीत केलेल्या तांब्यातून पाणी आणलं. आत्या म्हणाली, तहान नाही. घसा कोरडा पडला होता. दुसऱ्या दिवसापासून ती हा तांब्या घेऊन जाऊ लागली. दोन वर्षं नेला.

१९७३च्या जुलैत एका संध्याकाळी पऱ्याला लोंढा आला. ज्यांनी कोकणातला पाऊस पाहिला आहे त्यांना सांगायला नको. सकाळी ज्यातून चपला हातात घेऊन आलो, तो पऱ्या संध्याकाळी झाडं वाहून नेतो. साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी चाललेलं. आत्या अडकली. वाडीतल्या पहिल्या घरात तिला घेतलं. ओलं लुगडं बदलायला दिलं. चुलीपुढे बसवलं. रात्री भात आणि कुळथाचं पिठलं झालं. घरची सासू फळीवरचं एक ताट काढून आली आणि वाढायच्या आधी म्हणाली,

"बाई, ताट कोरं आहे. कोण जेवलेलं नाही त्यात."

[इथे निवेदन थांबेल. आत्याचा चेहरा, अकरा सेकंद]

आत्या जेवली. सकाळी पाणी ओसरल्यावर घरी आली तेव्हा आजीनं तिला अंगणातच थांबवलं. विहिरीवर आंघोळ कर आणि मग आत ये. आत्यानं आंघोळ केली. "केली गो मी," हे ती चित्रीकरणात दोनदा बोलली, आणि मी दोन्ही वेळचं ठेवलं आहे. त्या रात्रीनंतर सगळं बदललं असं दाखवणं सोपं होतं, पण ते खोटं झालं असतं. तांब्या बंद झाला दिवाळीनंतर. वाडीत कुणाच्या हातून सरळ हातात पेला घ्यायला पुढचं वर्ष उजाडलं.

१९८०च्या गणपतीत आत्यानं त्या घरच्या सुनेला, म्हणजे वहिनींना, माजघरात पानावर बसवलं. धाकट्या काकांनी त्या वर्षापासून येणं सोडलं, दोन घरांनी आत्याच्या हातचं पाणी बंद केलं, आणि पुढे वाटणीत तिला पडवी आणि मागची एक खोली मिळाली.

[दृश्य: महाड, चवदार तळं, आत्या पायरीवर]

आत्याला महाड बघायचं होतं. इतक्या जवळ राहून ती कधी गेली नव्हती.

हे चवदार तळं. ४ ऑगस्ट १९२३ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेनं हे तळं खुलं केलं, कागदावर. इथे कुणीही पाणी भरत होतं, गुरंढोरं पीत होती. फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेची माणसं घेऊन तळ्यावर आले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात ही माणसं शिरणार अशी आवई उठली आणि परत जाणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. डोकी फुटली ती त्यांची. मग तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य मिसळून, मंत्र म्हणत परत ओतलं गेलं. तळं शुद्ध झालं म्हणे.

त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा निघाले, तेव्हा मुंबईहून बोटीनं दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला आले. मघाशी पाहिलेल्या खाडीतूनच ती बोट वर गेली. परिषदेच्या मांडवाला गावात जागा मिळेना. ती फत्तेखान यांनी दिली. कोर्टाच्या मनाई हुकुमामुळे पाण्याचा सत्याग्रह पुढे ढकलला. पण २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. तो ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. जन्मानं चित्पावन ब्राह्मण. महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे हेही बाबासाहेबांच्या बाजूला उभे होते, आणि तेही वरच्या मानलेल्या जातींतले.

लढा ज्यांच्या डोक्यावर लाठ्या पडल्या त्यांचा होता, यात शंका नको. तरी ही तीन नावं मी आमच्या घरात कधीच ऐकली नाहीत, आणि त्याचा मला राग आहे. मुंजीत, मंगळागौरीत, गणपतीत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची नावं निघतात. कोकणातल्याच एका सहस्रबुद्ध्यांनी लहानपणापासून पाठ केलेलं सगळं पेटवून दिलं, ही गोष्ट कुणी सांगितली नाही. तळ्याचा खटला हायकोर्टात १७ मार्च १९३७ला संपला, बाबासाहेब जिंकले. पडवीतली कपबशी त्यानंतरही चाळीसेक वर्षं कोनाड्यात होती.

आत्या पायरी उतरून खाली गेली. हात पाण्यात घातला. बोलली काही नाही.

[दृश्य: वहिनींचं अंगण, मे महिना, रातांबे]

चेहरा दाखवू नका, असं वहिनींनी सांगितलं. म्हणून हात. मधे परात आहे, परातीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. दोघी फोडताहेत, साल एकीकडे, बिया एकीकडे. डावीकडचे हात आत्याचे.

आत्या म्हणते, हात आता आखडत नाही. पण आखडला नाही, हे अजून लक्षात येतं.

वहिनींना मी त्या रात्रीबद्दल विचारलं.

"बाई आमच्याकडे जेवल्या, ते सगळे सांगतात. ते ताट सासूनं मंडणगडच्या बाजारातून आणलं होतं, बाई शाळेवर लागल्या त्याच महिन्यात. घरात स्टीलचं तेवढं एकच. दोन वर्षं फळीवर होतं. आमच्या पोरांना हात लावू देत नव्हती. बाई कधी आल्या, तर असावं म्हणून."

आत्याचे हात थांबले आहेत, बघा.

"आहे का ते अजून?" मी विचारलं.

"हे काय. मीठ घेतलंय त्यात."

परातीशेजारी ताट आहे. वहिनींनी मूठभर मीठ घेऊन सालींवर टाकलं आणि ताट आत्याकडे सरकवलं.