संध्याकाळी घरात माणसं काय करतात?

श्रोतेहो, नमस्कार.

१९३६ साली वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी कचेरीत रॉय स्ट्रायकर नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या छायाचित्रकारांना एक यादी दिली. विषय होता, संध्याकाळी घरात माणसं काय करतात? कपडे कसे घालतात, पाहुणे येतात का, पत्त्यांचा डाव मांडतात का, रेडिओ ऐकतात का? कमी मिळकतीच्या घरात हे सगळं कसं चालतं आणि बऱ्या मिळकतीच्या घरात कसं? रॉबर्ट लिंड या समाजशास्त्रज्ञांशी झालेल्या बोलण्यातून ही यादी निघाली होती. त्या काळात एखाद्या सरकारला असे प्रश्न पडावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कारण दिवस मंदीचे होते. धुळीच्या वादळांनी शेती उजाड केली होती, कुटुंबंच्या कुटुंबं घरदार सोडून निघाली होती. शेतकऱ्यांच्या मदतीसाठी काढलेल्या स्ट्रायकरच्या खात्याला, म्हणजे पुढच्या फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला, आपलं काम लोकांना पटवून द्यायचं होतं. फोटो हवे होते ते त्यासाठी. डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात टिपलेली, मुलं अंगाला बिलगलेली ती चिंतातुर आई तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ते छायाचित्र थोरच आहे. पण या खात्याच्या फोटोंच्या त्याच संग्रहात, ज्यांच्याकडे सहसा कुणी वळत नाही असे हजारो साधे फोटो आहेत, आणि माझा जीव त्यांच्यात अडकला आहे.

१९४० सालचं न्यू मेक्सिकोतलं पाय टाऊन घ्या. टेक्सास आणि ओक्लाहोमातून आलेली शेतकरी कुटुंबं इथं नव्याने वसली होती. काहींची घरं निम्मी जमिनीखाली, वर ओंडक्यांचं छप्पर. स्ट्रायकरचे छायाचित्रकार रसेल ली तिथं जाऊन राहिले. शिक्षणाने ते रसायन अभियंता. अंधाऱ्या घरात ते फ्लॅशचा लख्ख उजेड पाडत, त्यामुळे कोपऱ्यातली वस्तूसुद्धा स्पष्ट दिसते. चूल, फडताळ, भिंतीला चिकटवलेले कागद, बरण्यांत भरून ठेवलेल्या भाज्या. त्या बरण्या मी पुन्हा पुन्हा पाहते. पुढच्या हिवाळ्याची बेगमी आहे ती, आणि ती दाखवताना बाईच्या चेहऱ्यावर अभिमान आहे. गावाच्या गाण्याच्या मेळाव्यात लांब टेबलावर घरोघरचे पदार्थ मांडलेत, माणसं ताटल्या घेऊन उभी आहेत. ही माणसं गरीब आहेत, पण कुणाच्या दयेची वाट बघत बसलेली नाहीत. हे मला त्या फोटोंतून कळलं, आकडेवारीतून कळलं नसतं.

आता गॉर्डन पार्क्स. १९४२ साली हा तरुण कृष्णवर्णीय छायाचित्रकार स्ट्रायकरकडे आला. कॅमेरा इथेच ठेव आणि आधी शहरात फिरून ये, असं स्ट्रायकरने सांगितल्याची आठवण पार्क्स नेहमी सांगत. दुकान, सिनेमागृह, खाणावळ, देशाच्या राजधानीत त्यांना कुणी दारात उभं केलं नाही. मग त्याच सरकारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईंशी ते बोलले, आणि राष्ट्रध्वजासमोर झाडू घेऊन उभ्या असलेल्या त्यांचा फोटो काढला. तो जगभर गेला. पण पार्क्स तिथं थांबले नाहीत. ते त्यांच्या घरी गेले, त्यांच्या प्रार्थनास्थळात गेले. स्वयंपाकघरात जेवणारी नातवंडं, आरशाच्या टेबलावर मांडलेल्या देवाच्या मूर्ती, समोरचं वाण्याचं दुकान. ध्वजासमोरच्या फोटोत वॉटसनबाई अन्यायाची खूण होतात. घरातल्या फोटोंत त्या एक आजी आहेत, एक भाविक बाई आहेत, आणि तरीही तो अन्याय आपण विसरत नाही. माझ्या मते हे दुसरं काम अधिक कठीण.

युद्धाच्या काळात एस्थर बब्ली ही विशीतली छायाचित्रकार मुलगी १९४३ साली लांबच्या बसप्रवासाला निघाली. पेट्रोल आणि टायर रेशनवर, म्हणून बसगाड्या तुडुंब. बाकावर पेंगणारे सैनिक, सामानावर बसलेल्या बायका, रात्रीची बस स्थानकं. नोकरीसाठी वॉशिंग्टनला आलेल्या मुलींच्या भाड्याच्या खोल्यांतही ती गेली. अशाच एका खोलीतल्या मुलीला रेडिओची सोबत आहे, असं एका फोटोखाली लिहिलंय. त्याच वर्षी आयोवातल्या क्लिंटन गावी जॅक डेलानो यांनी रेल्वेची इंजिनं पुसणाऱ्या बायका जेवणाच्या सुटीत टिपल्या, तेही रंगीत फिल्मवर.

एक गोष्ट मात्र मला खुपते. सुरुवातीची काही वर्षं नापसंत निगेटिव्हवर स्ट्रायकर भोक पाडत असे. ती पुन्हा छापता येऊ नये म्हणून. कुणाच्या चेहऱ्यावर, कुणाच्या शेतावर तो काळा ठिपका आजही दिसतो. पण खातं बंद व्हायला आलं तेव्हा सगळा साठा एकत्र राहावा म्हणून धडपडलाही तोच. आज सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह आणि १,६०० रंगीत छायाचित्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत, आणि सरकारी काम असल्यामुळे ती सहसा कुणालाही वापरता येतात. संगणकावर ती मोफत दिसतात. एखादं गाव निवडा, आणि प्रसिद्ध फोटोच्या आधीचे आणि नंतरचे फोटो ओळीने बघा. सुरुवात पाय टाऊनपासून केलीत तरी चालेल.

नमस्कार.