आरोग्य राज्यमंत्र्याला लेखी काम द्या
(नागपुरातल्या एका व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आधी आभार मानतो. रविवारची सकाळ, एवढी थंडी, बाहेर तर्री पोह्याचे ठेले लागलेले, आणि तुम्ही "सार्वजनिक आरोग्य राज्यमंत्री, भूमिका आणि अधिकार" असला विषय ऐकायला आलात, हे नागपुरातच होऊ शकतं बापा. कारण आपल्याला सरकार जवळून दिसतं. १९५३ च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात ते इथे येतं, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद होतात, मोर्चे निघतात, आणि कोणाची पत किती हे आपल्याला त्यांच्या मुक्कामावरून कळतं. मुख्यमंत्री रामगिरीवर, देवगिरी उपमुख्यमंत्र्यांची, कॅबिनेट मंत्री रविभवनात आणि राज्यमंत्री नागभवनात. मला आज या नागभवनवाल्यांबद्दल बोलायचं आहे.

मी आरोग्य खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. अधिवेशन आलं की आम्हा फील्डवरच्या लोकांना ब्रीफिंगसाठी हजर राहावं लागायचं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी (म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), अर्ध्या तासाची चर्चा, सगळ्याची उत्तरं मंत्रालयातून तयार होऊन येतात, पण सभागृहात उपप्रश्न कुठून येईल याचा नेम नसतो, म्हणून ज्याला जागेवरची माहिती आहे तो माणूस जवळ लागतो. त्यामुळे राज्यमंत्री काय करतात आणि काय करू शकत नाहीत हे मी फार जवळून बघितलंय.

थोडं कायद्याचं सांगतो, लवकर आटपतो. संविधानाचं कलम १६४ म्हणतं की मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यानं राज्यपाल मंत्री नेमतात. २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीनं मंत्रिमंडळ सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर जाऊ नये असं ठरलं, म्हणजे आपल्या २८८ च्या विधानसभेत ४३ जण, मुख्यमंत्री धरून. कोणाकडे काय काम हे कलम १६६ खालच्या कार्यनियमावलीनुसार ठरतं. आणि राज्यमंत्र्याच्या वाट्याला काय येतं? मंत्री जे सोपवेल ते. मंत्र्यानं सोपवलंच नाही तर गाडी आहे, दालन आहे, पीए आहे, फाईल मात्र येत नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीलाही त्याला एरवी बोलावणं नसतं. कोणत्याही पक्षाचं सरकार घ्या, ही तक्रार असतेच. २०२५ मध्ये तर एका खात्यात राज्यमंत्र्यांनी बैठक घेतली म्हणून मंत्र्यांनी पत्र लिहिलं, त्यावर उलट पत्र गेलं, ते सगळं पेपरात आलं, तुम्ही वाचलंच असेल.

आता एक किस्सा सांगतो. थोडा लांबेल, पण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

एका अधिवेशनात विधान परिषदेत लक्षवेधी लागली. आपल्याच जिल्ह्यातलं एक ग्रामीण रुग्णालय, तीस खाटांचं, इमारत बांधून तयार, आणि दारावर कुलूप. बाळंतीण बाया त्या इमारतीसमोरून जीपमध्ये बसून नागपूरला येऊन राहिल्या होत्या. मोठे साहेब, म्हणजे खात्याचे कॅबिनेट मंत्री, त्या वेळी विधानसभेत अडकणार होते म्हणून परिषदेत उत्तर राज्यमंत्र्यांनी द्यायचं ठरलं. दोन सभागृहं एकाच वेळी चालतात, मंत्री एकच असतो, तेव्हा कलम १७७ मुळे राज्यमंत्रीही कुठल्याही सभागृहात उभा राहून बोलू शकतो, आणि खरं सांगायचं तर या पदाचा लोकांना दिसणारा उपयोग तेवढाच उरलाय.

तर आदल्या रात्री नागभवनात ब्रीफिंग. फाईल जाड, उत्तर तयार होतं, "बांधकाम पूर्ण असून रुग्णालय कार्यान्वित करण्याची कार्यवाही सुरू आहे." राज्यमंत्र्यांनी ते वाचलं, फाईल मिटली आणि विचारलं, कुलपाची चावी कोणाकडे आहे? खोलीत आम्ही आठ-दहा जण असू. कोणालाच माहीत नाही. आमचे साहेब म्हणाले बांधकाम विभागाकडे असेल. बांधकामवाले म्हणाले आम्ही केव्हाचं हस्तांतरणाचं पत्र दिलंय, आरोग्यवाले ताबाच घेत नाहीत. आम्ही म्हणालो घेणार कसा, ट्रान्सफॉर्मर बसला नाही, पाण्याची जोडणी नाही, ताबा घेतला की देखभाल आमच्या गळ्यात. ट्रान्सफॉर्मर का नाही, तर पैसे भरलेले नाहीत. पैसे का भरले नाहीत, तर अंदाजपत्रकात ते धरलेच नव्हते. आणि समजा हे सगळं झालं असतं तरी दवाखाना चालवायला माणसं नव्हती, कारण पदनिर्मितीचा प्रस्ताव वित्त विभागाकडून त्रुटी काढून परत आलेला, त्रुटीची पूर्तता जिल्ह्यातून व्हायची होती, आणि जिल्ह्यात ते पत्र कोणत्या टेबलावर होतं हे त्या खोलीत बसलेल्या एकाच माणसाला माहीत होतं, तो माणूस म्हणजे आस्थापनेचा क्लार्क, त्याला आम्ही फक्त झेरॉक्स धरायला आणलं होतं.

राज्यमंत्र्यांनी त्या क्लार्कला समोर खुर्ची दिली आणि त्याच्याकडून सगळं लिहून घेतलं. कोणत्या खात्याचा कोणता कागद, कोणत्या तारखेपासून, कोणाच्या टेबलावर. अर्धा पानभर झालं असेल. मंडळी, मी इतकी वर्षं खात्यात होतो, इतका कामाचा कागद मी दुसरा बघितला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सभागृहात छापील उत्तर वाचलंच नाही, तो अर्धा कागद वाचला. विरोधी बाकांवरून सुद्धा कोणी आवाज केला नाही. आणि तीन महिन्यांत सुरू करतो असं आश्वासन दिलं.

आश्वासन दिलं म्हणजे ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे नोंदवलं जातं, नव्वद दिवसांत पूर्तता अपेक्षित असते. हे गृहस्थ खरंच मागे लागले. सकाळी सातला फोन यायचा, "ट्रान्सफॉर्मरचं काय?" ट्रान्सफॉर्मर बसला. पाणी आलं. चावी मिळाली, ती शाखा अभियंत्याच्या ड्रॉवरमध्ये निघाली. आणि पदांची फाईल मंत्रालयात पोचली तेव्हा कळलं की पदनिर्मिती हा विषय राज्यमंत्र्यांना सोपवलेल्या विषयांत येतच नाही. फाईल त्यांच्याकडे आलीच नाही, वरच्या वर गेली आणि तिथे थांबली. पुढे खातेबदल झाला, नवीन माणूस आला, त्यानं विचारलं हे कोणी आश्वासन दिलं होतं. रुग्णालय सुरू झालं शेवटी, पण मधल्या काळात ज्या बाया जीपमध्ये बसून आल्या त्यांचा हिशोब कोणत्या समितीकडे नाही. मला आजही याचा राग येतो, आणि तो माणसांपेक्षा रचनेवर जास्त येतो, कारण त्या खोलीत एकही माणूस कामचुकार नव्हता.

(संयोजक घड्याळ दाखवून राहिले, हो हो, येतो विषयावर.)

बरं, नागपूरचंच बघा. आजारी माणसाला वाटतं सरकारी दवाखाना म्हणजे सरकारी दवाखाना. पण डागा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, मनोरुग्णालय पण त्यांचंच. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची, दुसरा मंत्री, दुसरे सचिव. मोहल्ल्यातला दवाखाना महापालिकेचा, तिथे नगरविकास. मिहानमधलं एम्स केंद्राचं. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि तिथून जवळच असलेलं ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकाकडे. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत असा निर्णय झाला, चांगलाच निर्णय आहे, पण तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता. आता डागातून मेडिकलला रेफर केलेल्या बाईच्या नवऱ्याला हा फरक कोण समजावणार? तो खिडकीवरच्या माणसाशी भांडतो, आणि भांडणारच.

सिकलसेलचं, म्हणजे त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, तसंच. विदर्भात हा आजार किती घरांत आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलाची तपासणी आरोग्य खातं करतं, मूल आश्रमशाळेत असेल तर ते आदिवासी विकास विभागाचं, क्रायसिस आला, म्हणजे अचानक असह्य दुखायला लागलं, की रात्री मेडिकलला, आणि हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या रोज घ्यायच्या असतात, रोज. शाळेत त्या गोळ्या द्यायची जबाबदारी कोणाची? मी हा प्रश्न किती तरी बैठकांत ऐकला, इतिवृत्तात दरवेळी "समन्वय साधावा" असं लिहिलं जायचं. कोणी साधावा ते कधीच लिहिलं नाही.

आणि मेळघाट. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलरा पसरला, माणसं दगावली. त्या वेळी पेपरांत जे आलं ते असं की वीजबिल थकलं म्हणून वीज तोडलेली, वीज नाही म्हणून नळाला पाणी नाही, म्हणून लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले. म्हणजे वीज ऊर्जा खात्याची, नळ पाणीपुरवठ्याचा, बिल ग्रामपंचायतीचं, आणि मेलेला माणूस मात्र आरोग्य खात्याच्या रजिस्टरमध्ये. आणि तो महिना आठवा. ३० जूनला शपथ झाली ती फक्त मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांची, विस्तार थेट ९ ऑगस्टला. त्या दिवसांत राज्याला वेगळा आरोग्यमंत्रीच नव्हता. विस्तार झाला त्यातही सगळे कॅबिनेट, पुढच्या वर्षी भर पडली तेही कॅबिनेट, त्या संपूर्ण कारकिर्दीत एकही राज्यमंत्री नव्हता. आणि कोणाला फारसं जाणवलंही नाही. मला हे फार लागलं. एखादं पद दोन-अडीच वर्षं नसलं आणि कोणाचं अडलं नाही, तर ते पद आपण किती रिकामं करून ठेवलंय बघा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. मुख्य मुद्दा राहिलाच, आता भरभर सांगतो.

लोक हसतात की राज्यमंत्र्याकडे पाच-सहा खाती दिली, तो करणार काय. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. १५ डिसेंबर २०२४ ला इथेच, आपल्या राजभवनावर ३९ जणांनी शपथ घेतली, त्यात ६ राज्यमंत्री. मग खातेवाटप झालं ते नीट वाचा. मेघना बोर्डीकर-साकोरे यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य, आणि सोबत पाणीपुरवठा, ऊर्जा, महिला व बालविकास. म्हणजे पाचडोंगरीची वीज, नळ, अंगणवाडी आणि दवाखाना, चारही एका माणसाच्या कक्षेत. माधुरी मिसाळ यांच्याकडे नगरविकास आणि वैद्यकीय शिक्षण, म्हणजे महापालिकेचा दवाखाना आणि मेडिकल-मेयो एका ठिकाणी. पुसदचे इंद्रनील नाईक यांच्याकडे सार्वजनिक बांधकाम आणि आदिवासी विकास, आपल्या रामटेकचे आशिष जयस्वाल यांच्याकडे वित्त व नियोजन. माझ्या किश्श्यातलं कुलूप आठवा. बांधकाम, वीज, पाणी, वित्त, आरोग्य. तीन राज्यमंत्री नागभवनात एका चहाला बसले तर अख्खी फाईल त्या टेबलावर येते. कॅबिनेट मंत्र्याला हे जमत नाही, तो आपल्या एका खात्यात खोल गेलेला असतो आणि दुसऱ्याच्या खात्यात पाय ठेवला की तिकडच्याला राग येतो. मधली जागा राज्यमंत्र्याचीच आहे, फक्त ती त्याला कोणी लिहून दिलेली नाही.

तर मला काय हवंय. पहिलं, शपथेनंतर महिनाभरात मंत्र्यानं राज्यमंत्र्याला कोणते विषय सोपवले याचा आदेश निघावा आणि तो लोकांना वाचता येईल असा जाहीर व्हावा. आरोग्यात निदान हे विषय त्याच्याकडे असावेत, बांधून पडलेल्या इमारती सुरू करणं, एका खात्याच्या दवाखान्यातून दुसऱ्या खात्याच्या दवाखान्यात होणारं रेफरल, साथीच्या वेळी पाणी आणि वीज, आणि आश्रमशाळेतल्या मुलांचं औषध. या विषयांपुरती पदांची फाईलही त्याच्याकडूनच जावी, नाहीतर परत ट्रान्सफॉर्मर बसतो आणि नर्स नसते.

दुसरं, अपिलं. गर्भलिंग निदान कायद्यात एखाद्या सोनोग्राफी सेंटरची नोंदणी निलंबित केली की तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. अशा सुनावण्या राज्यमंत्र्याकडे सोपवता येतात, पण मग त्यांच्या तारखा आणि निकाल उघड असावेत. सुनावणी लांबली की निलंबनावरची स्थगिती चालू राहते आणि मशीनही चालू राहतं, यावर मी वेगळं तासभर बोलू शकतो, आज नाही.

तिसरं, आश्वासन. ज्यानं सभागृहात शब्द दिला तो बदलला तर त्याच्या जागी येणाऱ्याकडे ती यादी सही घेऊन द्यावी. आपण साधा पदभार देताना कपाटाच्या किल्ल्या, स्टॅम्प, डेडस्टॉक रजिस्टर सगळं लिहून देतो, मंत्री बदलताना दिलेल्या शब्दांची यादी का नाही?

खर्च यात काहीच नाही. कायदा बदलायचा नाही, नवीन पद नको, समिती तर अजिबातच नको. एक आदेश काढायचा आहे.

आता अधिवेशन सुरू होईल, तुमच्या ओळखीतले आमदार इथेच राहणार आहेत, कोणी नातेवाईक, कोणी शाळेतले मित्र असतील. त्यांना एक प्रश्न टाकायला सांगा, आरोग्य राज्यमंत्र्यांना कोणते विषय कोणत्या तारखेच्या आदेशानं सोपवले, त्या आदेशाची प्रत सभागृहाच्या पटलावर ठेवा. एवढाच प्रश्न. उपप्रश्न काय विचारायचे ते मी लिहून देतो, इथे पुढच्या टेबलावर कागद ठेवलेत, जाताना घेऊन जा. आणि त्या मागच्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात, तुम्ही आशाताई आहात ना, तुमच्यापासून सुरू करू, माईक द्या त्यांना.