दहावीतल्या स्वतःला पत्र आणि हरवलेली अकरावी

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे कार्यकर्ते, दहावीच्या निकालाची वाट पाहणारे विद्यार्थी आणि त्यांच्यापेक्षाही अस्वस्थ दिसणारे त्यांचे पालक, आपणा सर्वांना नमस्कार.

महाविद्यालयातील विद्यार्थी दहावीतल्या स्वतःला काय सल्ला देतील, हा आजचा विषय आहे. त्यात अकरावी, शाखेची निवड आणि दाखले अशा तीन गोष्टी सांगेन, असे मी कार्यवाहांना कळवले होते आणि त्यांनी ते पत्रिकेत छापलेही आहे. चाळीस मिनिटांत तिन्ही होतील अशी माझी समजूत आहे. माझ्या वर्गातील मुलांना विचाराल, तर माझ्या अशा समजुतींवर ती विश्वास ठेवत नाहीत.

मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी सुरुवातीच्या एखाद्या तासाला मुलांना कोरा कागद देऊन दहावीतल्या स्वतःला पत्र लिहायला सांगतो. नाव घालायचे नसते आणि गुणही नसतात, त्यामुळे मुले खरे लिहितात. अर्थात गुण नाहीत म्हटल्यावर काही जण काहीच लिहीत नाहीत, तेही खरेच असते. 'जास्त अभ्यास कर' असे लिहिणारे अगदीच थोडे असतात. एका मुलीने लिहिले होते, "निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाले की लगेच क्लासची फी भरायला जाऊ नकोस, निदान एक रात्र जाऊ दे." एकाने लिहिले होते, "तुला गणित आवडते असे तुला वाटते. तुला गणितात मिळणारे गुण आवडतात." हे वाक्य मी पुष्कळ दिवस खिशात घेऊन फिरलो, कारण इतके स्वच्छ निदान मला वर्षभर शिकवूनही करता आले नसते.

या पत्रांत एक तक्रार मात्र पुन्हा पुन्हा येते, आणि ती अकरावीविषयी असते. कोणी लिहितो, "अकरावीला सुट्टी समजू नकोस." कोणी लिहितो, "कॉलेजात जा, लोक भेटतील." एकाने तर सरळ विचारले होते, "आपण अकरावीत होतो का रे?" आजच्या माझ्या बोलण्याचे सारे ओझे या प्रश्नावर आहे. दहावी आणि बारावी या दोन बोर्डांच्या मधले हे वर्ष आपण सर्वांनी मिळून मुलांकडून काढून घेतले आहे, आणि त्याची उणीव त्यांना दोन वर्षांनी जाणवते.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेल्या दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधात मधल्या दोन वर्षांना, म्हणजे अकरावी-बारावीला, स्वतःचे काम होते. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाने विषयाला नव्याने भिडावे आणि तो आपल्याला झेपतो का, मुळात आवडतो का, हे पाहावे, यासाठी ही जागा होती. प्रत्यक्षात अकरावीचे प्रवेश फेऱ्या-फेऱ्यांनी पावसाळाभर चालतात. मुले बाकावर स्थिरावतात तोवर गणपती येतात, मग सहामाही, मग दिवाळी. आणि दिवाळीनंतर क्लासवाले म्हणतात, आता बारावीचा भाग सुरू करू. अकरावीची परीक्षा महाविद्यालयाचीच असल्यामुळे तिच्या निकालाचे पेढे कोणी वाटत नाही. ज्या वर्षाचे पेढे नाहीत, त्या वर्षाला आपल्या घरांत किंमत नाही.

आता माझी जुनी तक्रार सांगतो. अध्यक्षांनी ती पूर्वी ऐकली आहे, त्यांनी या वेळात चहा घेतला तरी चालेल.

एका वर्षी माझ्या प्रयोगशाळेत सीईटीला, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेला, उत्तम पर्सेंटाइल मिळवलेला एक मुलगा आला. पहिला प्रयोग साधा होता: व्हर्नियर कॅलिपरने एका नळकांड्याचा व्यास मोजायचा. त्याने कॅलिपर हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि अत्यंत नम्रपणे विचारले, "सर, हे कुठून उघडते?" मी हसलो नाही. त्याला बारावीच्या प्रात्यक्षिकाचे गुण विचारले, तर ते तीसपैकी तीस होते. भौतिकशास्त्राच्या शंभर गुणांत सत्तर लेखी आणि तीस प्रात्यक्षिकाचे असतात, आणि त्या तिसांत कमी पडलेला विद्यार्थी मला तरी क्वचितच भेटला आहे. त्याने घरून आपले जर्नल आणून दाखवले. काय सुरेख जर्नल होते! तपकिरी कव्हर, पेन्सिलीने रेखलेल्या आकृत्या, प्रत्येक पानावर सही, आणि वाचने अशी एकसारखी की त्यांत चुकीला वावच नव्हता. खरे मोजमाप कधीच इतके एकसारखे येत नाही. पाच वेळा मोजले तर वाचने थोडीफार इकडेतिकडे होतात, आणि ती का होतात हे कळणे म्हणजेच भौतिकशास्त्राची सुरुवात. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण एकके आणि मापन यांचे आहे, आणि मोजमापातील त्रुटी त्याच प्रकरणात शिकवल्या जातात. या मुलाला त्रुटींची सर्व सूत्रे पाठ होती. त्याने स्वतः एकही त्रुटी केली नव्हती, कारण त्याने काही मोजलेच नव्हते.

चौकशी करता कळले की त्याचे नाव एका तालुक्याच्या गावातील कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर होते आणि तो स्वतः दोनशे किलोमीटर दूर, शहरातल्या एका क्लासच्या वसतिगृहात होता. या व्यवस्थेला 'इंटिग्रेटेड' म्हणतात, हे येथील पालकांना मी सांगायला नको. आपल्यापैकी काहींनी तिची पहिली किस्त कदाचित भरलीही असेल. हजेरीचा हा घोळ शासनाला ठाऊक नाही असे नाही. २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला होता. अंगठा देण्याची परंपरा आपल्याकडे एकलव्यापासून आहे. त्याने निदान विद्या मिळवल्यानंतर अंगठा दिला, आणि इथे विद्येच्या ऐवजी अंगठा घेण्याची सोय झाली.

यात मी मुलांना दोष देत नाही आणि पालकांनाही फारसा देत नाही, कारण त्यांचे गणित चोख आहे. राज्याच्या सीईटीतून होणाऱ्या अभियांत्रिकी प्रवेशाची गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते. बारावीच्या गुणांचे काम खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के ही किमान पात्रता गाठून देण्यापुरते उरते. मग वर्गात बसायचे कशाला, असे सोळा वर्षांच्या मुलाने विचारले तर त्याला उत्तर देणे मलाही जड जाते. तरी त्या गणितातही एक छिद्र आहे. याच सीईटीत सुमारे वीस टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाला असतो, तर जेईई आणि नीट या अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांच्या देशपातळीवरील परीक्षांत अकरावीचा वाटा जवळपास निम्मा असतो. शिवाय सदिश, दहावीच्या पुढची त्रिकोणमिती आणि कलनाची तोंडओळख हे सारे अकरावीतच होते, आणि बारावीचे सारे भौतिकशास्त्र त्यांच्यावर उभे असते. मराठी माध्यमातून विज्ञान शाखेत येणाऱ्या मुलांसाठी तर हे वर्ष दुप्पट मोलाचे आहे, कारण त्यांना विषय आणि इंग्रजी पाठ्यपुस्तक दोन्ही एकाच वेळी पचवायचे असतात. त्यांच्या पत्रांत एक सल्ला हमखास असतो: शंका मराठीत विचारायला लाजू नकोस, सरांनाही मराठी येते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. तो प्रयोगशाळेत रमला. संध्याकाळी परिचर कुलूप घेऊन दारात उभा राहीपर्यंत तो स्क्रूगेजशी झटत असे. वर्षअखेरीस मी पुन्हा पत्र लिहायला सांगितले, तेव्हा त्याने दहावीतल्या स्वतःला एकच ओळ लिहिली होती: "तुला हाताने काम करायला आवडते, हे तुला कोणी सांगणार नाही." अक्षर मी त्या जर्नलमुळे ओळखले; म्हणजे जर्नल त्याने निदान स्वतःच्या हाताने उतरवले होते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. तिच्यावर 'सात मिनिटे' असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. तेव्हा पत्रिकेत छापलेल्या उरलेल्या दोन गोष्टी आता धावत सांगतो.

शाखेविषयी मुलांची पत्रे असे सांगतात की बंद होणारे दरवाजे आधी मोजावेत. अकरावीत गणित सोडले की अभियांत्रिकी गेली; जीवशास्त्र सोडले की वैद्यकीयची वाट अवघड झाली; दोन्ही ठेवले की दोन्हींचा भार आला. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची बारावी चालते. एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, भूदलालाही चालते, मात्र नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. ज्याला यंत्रे आवडतात त्याने दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात यावे. माझ्या अनुभवात ही मुले प्रयोगशाळेत सर्वांच्या पुढे असतात, आणि गणितात अडखळतात तेव्हा मदत मागायला लाजत नाहीत. कला शाखा घ्यायची असेल तर घरी आत्ताच सांगावे. एका मुलाने लिहिले होते, "बाबांशी आज भांड; बारावीनंतरचे भांडण दोन वर्षांच्या फीएवढे महाग पडते."

दाखल्यांविषयीचे सल्ले सर्वांत रुक्ष आणि सर्वांत उपयोगी आहेत. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव, आईचे नाव आणि आधारवरील नाव अक्षरशः जुळते का, हे गुणपत्रिका हातात पडेल त्याच दिवशी पाहावे आणि दुरुस्ती असेल तर शाळेमार्फत लगेच करून घ्यावी. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज प्रवेशाच्या धावपळीपर्यंत लांबवू नये. तो विज्ञान शाखेत असतानाच महाविद्यालयामार्फत करता येतो. त्यासाठी आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो बहुधा गावच्या शाळेत असतो, आणि गावच्या शाळेला मे महिन्यात सुट्टी असते. नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याच्या, प्रमाणपत्राची मुदत पाहावी, अधिवासाचा दाखला काढून ठेवावा. या कागदांची यादी मी ग्रंथपालांकडे दिली आहे, ती उद्यापासून फलकावर लागेल.

आता प्रश्न विचारावेत. कोणता क्लास चांगला, एवढा एक प्रश्न सोडून काहीही विचारा.