हजार गाई, दहा वळू

मंडळी, सिद्धेश्वराच्या यात्रेत किंवा रविवारी सांगोल्याच्या बाजारात खिलार जातीच्या खोंडासमोर आपण उभे राहतो. शिंगं बघतो, वशिंड बघतो, कातडी चिमटीत धरून बघतो, चार पावलं चालवून बघतो. त्यात चूक काहीच नाही. फक्त एक गोष्ट विचारायची राहून जाते: याचा बाप कोण?

समजा एका पट्ट्यात हजार खिलार गाई आहेत आणि त्या फळवायला दहाच वळू. पैदासशास्त्राचा हिशोब सोपा आहे. वळू गुणिले गाई गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. उत्तर येतं जेमतेम ४०. म्हणजे डोळ्यांना हजार गाई दिसतात, पण रक्ताच्या हिशोबाने तो ४० जनावरांचा कळप आहे. वळू शंभर ठेवले तर तोच आकडा ३६४ वर जातो. हा आकडा पन्नासच्या खाली गेला की दर पिढीला नात्यातलं रक्त एक टक्क्याहून जास्त वाढतं. मग गाई उलटायला लागतात, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतात, वासरं अशक्त निपजतात, आणि आपण दोष देतो वैरणीला.

२०१४ साली बैलगाडा शर्यती बंद झाल्या तेव्हा खोंड सांभाळणं परवडेना. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा ग्राह्य धरला, खिलारला पुन्हा भाव आला, मला मनापासून आनंद झाला. पण आता प्रत्येकाला त्याच नामांकित बैलाचं वासरू हवंय. जात वाचतेय असं वाटतं, पण आतून ती अरुंद होत जाते.

जात कामाने टिकते. पंढरपुरी म्हैस बघा. तलवारीसारखी लांब शिंगं पाठीवर टाकून ती आपल्या कोरड्या हवेत, ज्वारीच्या कडब्यावर दूध देते. आपला कडबा आणि तिचं पोट एकमेकांना ओळखतात.

आता मेंढरांकडे येतो, कारण हल्ली ज्याला रिजनरेटिव्ह शेती, म्हणजे जमिनीचा कस परत आणणारी शेती म्हणतात, ती मी लहानपणी आमच्या रानात पाहिली आहे. सुगीनंतर धनगर मंडळी यायची. दिवस मावळला की वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावायची आणि दख्खनी मेंढरं आत घ्यायची. रात्रभर खोकल्याचा, घंटांचा आवाज. सकाळी तेवढा तुकडा लेंड्यांनी काळा झालेला असायचा, मुताचा उग्र वास यायचा आणि खुरांनी ढेकळं फुटलेली असायची. दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकायची. बदल्यात वडील ज्वारी द्यायचे. गोठ्यात मूत बरंचसं वाया जातं, इथे ते थेट रानात मुरतं. त्या तुकड्यातली ज्वारी लांबून ओळखू यायची.

कुरणाचंही तसंच. मारवेल, पवन्या ही बारमाही गवतं. एकदा चरल्यावर त्यांना फुटायला सवड मिळाली तर ती टिकतात. फुटवा आला की लगेच पुन्हा तोंड घातलं, तर मुळं खचतात आणि त्या जागी टोचणाऱ्या कुसांचं कुसळी गवत येतं. म्हणजे जनावरं किती, याइतकंच ती परत कधी येतात हे महत्त्वाचं. अशा फिरत्या चराईने जमिनीतला कर्ब किती वाढतो यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, म्हणून मी तुम्हाला मोठमोठी आश्वासनं देणार नाही.

बिनकामाची वाटणारी जातही का जपायची, याचं एक उदाहरण देतो. सुंदरबनात गारोल नावाची लहानखुरी मेंढी आहे. तिच्यात जुळी देणारं जनुक आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणलं आणि सुवर्णा मेंढी तयार केली. बंगालच्या चिखलातली ती बुटकी मेंढी बिनकामाची म्हणून संपली असती, तर आपल्या माणदेशी माळावर हे जनुक कुठून आलं असतं?

तर एक काम सांगतो. प्रत्येक गावाने एक वही घाला. कुठल्या दावणीला कोणता वळू, त्याचे आईबाप कोण, तो किती गाईंना लावला. दोन वळू एकाच बापाचे निघाले तर एक शेजारच्या गावाशी बदला. पुढच्या यात्रेला वह्या घेऊन या. इथेच बसू, आणि आपल्या पट्ट्याचा आकडा काढू.